टोपलीखाली काही नव्हते

‘पर्यावरण’ या विषयाला शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एखाददुसरा तास मिळतो आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताच्या बाई मागून घेतात. त्यात गणिताच्या बाईंचा दोष नाही. गणितात नापास झालेल्या मुलाचे वर्ष वाया जाते. पर्यावरणात नापास झाल्याचे मात्र कोणाच्या ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांतून सक्तीने शिकवला जावा असे बजावले. त्यानंतर पुस्तके आली, प्रश्नपेढ्या आल्या, रंगीत कागदाचे वेष्टण घातलेल्या प्रकल्पवह्या आल्या. ‘वृक्षतोडीचे दुष्परिणाम लिहा’ या प्रश्नाला आमची मुले पैकीच्या पैकी गुण मिळवू लागली. त्याच मुलांना मी एकदा विचारले, ‘आपल्या शाळेच्या फाटकाशी कोणतं झाड आहे?’ चाळीस जणांच्या वर्गात ‘करंज’ म्हणणारे सहा निघाले. बाकीच्यांच्या लेखी ते ‘रिक्षा उभ्या राहतात ते झाड’ होते.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले. त्यातली शेवटची बारा वर्षे शाळेचे निसर्ग मंडळ माझ्याकडे होते. मंडळ म्हणजे एक लाकडी कपाट, दोन दुर्बिणी, सलीम अलींच्या पुस्तकाची सुटी झालेली एक प्रत आणि दरवर्षी नव्याने गोळा होणारी तीस-पस्तीस मुले. एवढ्या भांडवलावर आम्ही पुष्कळ हिंडलो. या हिंडण्यातून मुले काय शिकतात, हा प्रश्न मला पालक विचारत, मुख्याध्यापक विचारत, आणि रात्री एस.टी.त पेंगुळलेल्या मुलांची डोकी मोजताना मीही स्वतःला विचारत असे.

मुंबईकराला हा छंद नवा नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली याच शहरात स्थापन झाली. आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ पाळतात, तो मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. म्हणजे पाहणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. पण पाहणे आणि करणे यांत एक पायरी आहे, आणि ती पायरी आमच्या मुलांना वेळासच्या वाळूत सापडली.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, सावित्रीच्या मुखाजवळचे छोटेसे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते नाना फडणवीसांचे गाव म्हणून येते. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्याची दुसरी ओळख झाली, ती कासवांमुळे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची रिकामी टरफले आणि उकरलेली घरटी दिसली. मादी रात्री किनाऱ्यावर येई, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालून परत जाई, आणि सकाळ व्हायच्या आत माणसे, कुत्री, कोल्हे यांची चंगळ होई. संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षण सुरू केले. २००६ पासून ‘कासव महोत्सव’ भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले आणि दोन पैसे गावातच राहू लागले.

पद्धत अगदी साधी आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ‘कासवमित्र’ पहाटे किनारा पालथा घालतात. कासवाच्या वल्ह्यांचा माग ट्रॅक्टरच्या चाकाच्या ठशासारखा दिसतो. तो जिथे वळतो तिथे घरटे. अंडी हलक्या हाताने काढून, कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांत व्हावे लागते, कारण पुढे आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे फिरले तर तो दगावतो. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. म्हणून खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते; वाळू जास्त तापली की माद्या अधिक. आणि पिल्लांना उचलून थेट पाण्यात सोडत नाहीत. ती वाळूवरून आपल्या पायांनी चालत जातात. हाच किनारा पुढे त्यांच्या ध्यानात राहतो असे अभ्यासक मानतात.

हे सारे मी मुलांना वर्गात सांगितले होते. मार्च २०१८ मध्ये सातवी-आठवीची चौतीस मुले घेऊन आम्ही निघालो, तेव्हा ‘बाई, पिल्लू हातात घेता येईल का?’ असे किमान वीस जणांनी विचारले. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली. वेळासला एका आजींच्या घरी उतरलो. मुलांनी अंगणातल्या पोफळी मोजल्या, विहिरीत डोकावून पाहिले आणि पाच वाजल्यापासूनच ‘चला ना बाई’ सुरू केले.

शुक्रवारी संध्याकाळी टोपल्या उचलल्या. एकीखालीही पिल्लू नव्हते. शनिवारी सकाळी नव्हते. शनिवारी संध्याकाळी नव्हते. दोरीपलीकडे उभी असलेली दोनशे माणसे ‘अरेरे’ म्हणून पांगली. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी ‘निदान एखादं ठेवलेलं तरी दाखवा’ असेही म्हणून पाहिले. तेव्हा तिथला कासवमित्र शांतपणे म्हणाला, ‘ठेवायला ते आमचं नाही.’ माझ्या बारा वर्षांच्या व्याख्यानांपेक्षा हे चार शब्द मुलांच्या अधिक लक्षात राहिले.

करण्यासारखे काही उरले नाही म्हणून मुले कामाला लागली. भरतीच्या रेषेवरचा कचरा गोळा केला. पिशव्यांत भरून टाकायचा एवढेच नव्हे, तर मांडून मोजायचा असे मी सांगितले. बाटल्या, चपला, थर्माकोल, औषधांच्या पट्ट्या, आणि सगळ्यांत जास्त तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे गुंते. एका मुलीने विचारले, ‘हा कचरा वेळासच्या लोकांनी टाकला?’ एका बाटलीवरचा पत्ता वाचून दुसऱ्याने उत्तर दिले, ‘हा तर आपल्याकडचा.’ त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

रविवारी पहाटे कासवमित्राने आम्हाला बरोबर येऊ दिले. अट एकच, बॅटरी लावायची नाही. अंधारात चौतीस मुले चूपचाप चालली, हे मी पहिल्यांदाच पाहिले. दीडेक किलोमीटरवर माग दिसला. त्याने टाचेने वाळू चाचपली, जिथे सैल लागली तिथे गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडे वर काढले. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, पांढरी अंडी मुले ओठांतल्या ओठांत मोजत होती. एकशे बारा भरली. उजाडता उजाडता ती कुंपणातल्या एकोणीस नंबरच्या खड्ड्यात गेली, टोपली पालथी पडली, आणि आमची गाडीची वेळ झाली.

मुंबईत परतल्यावर पालकसभेत व्हायचे ते झाले. ‘बाई, अडीच हजार भरले आणि एक पिल्लू नाही?’ एका वडिलांनी सरळच विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. अडीच हजार ही त्यांच्या घरात लहान रक्कम नव्हती. पुढच्या वर्षी जलक्रीडेचे मैदान बरे, मुलांना निदान मजा तरी येते, अशी सूचना आली आणि पुष्कळ माना डोलल्या. निसर्ग मंडळाची ती बहुधा शेवटची सहल ठरणार, असे चित्र होते. मी मुलांना रोजनिशी लिहायला लावली होती. वादविवाद करण्याऐवजी त्यांतली एक मी त्या मुलीलाच वाचायला सांगितली. तिने वाचले : शुक्रवार संध्याकाळ, काही नाही. शनिवार सकाळ, काही नाही. शनिवार संध्याकाळ, काही नाही. रविवार, खड्डा क्रमांक १९, अंडी ११२, साधारण एप्रिलअखेर निघतील, मी तेव्हा इथे नसेन.

सभा तिथेच संपली. निर्णय काही झाला नाही. पण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन आला, तो त्या वडिलांचा. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘बाई, त्या एकोणीस नंबरचं काय झालं?’ मी वेळासला विचारून त्यांना कळवले, ‘एकाहत्तर गेली.’ ‘बाकीची?’ त्यांचा लगेच प्रश्न. मग मी त्यांना सांगितले की सगळी अंडी कधीच उबत नाहीत, आणि समुद्रात गेलेल्यांतूनही हजारांत एखादेच मोठे होऊन परत येते असे मानतात. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग एकाहत्तर फारच कमी झाली हो.’ माझ्या मते पर्यावरणाच्या विषयात ते त्या दिवशी पास झाले. जलक्रीडेचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या सहलीतला दुसरा धडा मात्र कोणत्याच पुस्तकात बसणारा नव्हता. आमच्यातल्या एका मुलाचे आजोळ वेळासपासून दोन-तीन गावे पलीकडे, समुद्राकाठीच. घरी गेल्यावर त्याने आजोबांना फोन लावला, ‘तुम्ही कासवाची अंडी खाल्लीत?’ आजोबांनी आढेवेढे घेतले नाहीत. ‘खाल्ली रे. पहाटे माग काढायचा, काठी टोचायची, टोक ओलं झालं की खणायचं. समुद्र देतो म्हणून घ्यायची, एवढंच ठाऊक.’ मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो रडवेला होऊन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला मोठे संरक्षण दिले आहे, हे मीच शिकवले होते. ‘म्हणजे आजोबा गुन्हेगार का?’ असे त्याने विचारले.

अशा वेळी शिक्षकाने पटकन उत्तर देऊ नये. मी त्याला उलट विचारले, ‘त्या पहाटे माग ओळखणाऱ्या कासवमित्राला ते कोणी शिकवलं असेल?’ त्याने विचार केला. वेळाससारख्या गावांत संरक्षणाचे काम उभे राहिले ते याच माणसांच्या जोरावर. ज्यांना अंडी शोधता येत होती त्यांनाच ती राखता येणार होती. विद्या तीच, काठी टोचणारा हात आता टोपली धरतो, एवढाच फरक. त्या फरकासाठी कोणीतरी गावात जाऊन बसावे लागले, लोकांशी बोलावे लागले, त्यांच्या पोटाची सोय पाहावी लागली. शहरात बसून ‘गावकरी अडाणी’ म्हणणे सोपे आहे. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ते आजोबा नातवासाठी मुद्दाम वेळासला आले, मुलांच्या घोळक्यात वाळूवर बसले आणि वाऱ्यावरून, चंद्रावरून कासवे कधी येतील याचे अंदाज सांगू लागले. नातू शेजारी बसून लिहून घेत होता.

मधल्या नोव्हेंबरात आम्ही शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर वनराई बंधारा बांधायला गेलो. मुंबईच्या नळाला येणारे तानसाचे, वैतरणेचे, भातसाचे पाणी याच भागातून येते आणि याच भागातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हे वाक्य पुस्तकात वाचताना मुलांना काही वाटत नाही. पण सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडे शिवायची आणि विटांचा सांधा मोडावा तशा ओढ्यात रचायच्या, हे दुपारपर्यंत केले की हाताला फोड येतात. पाड्यावरच्या बाया आमच्या तिप्पट वेगाने रचत होत्या. त्यांतल्या एकीने सहज विचारले, ‘तुमच्याकडं पानी किती वेळ येतं?’ आमच्या मुलांपैकी कोणालाच सांगता येईना, कारण त्यांच्या टाक्या भरलेल्याच असतात. संध्याकाळी बंधाऱ्यामागे कंबरभर पाणी साठले. हा बंधारा पुढच्या पावसात वाहून जाणार, हे कळल्यावर एकजण हिरमुसला. ‘मग उपयोग काय?’ ‘दरवर्षी बांधायचा,’ ती बाई म्हणाली, जणू भाकरी दररोज करायची असते तसे.

या सगळ्याची परीक्षा पुढे झाली, आणि ती शाळेने घेतली नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आदळले. मंडणगड-दापोलीच्या किनारपट्टीवरच्या वाड्यांची वाताहत झाली. टाळेबंदीचे दिवस, कोणी कोठे जाऊ शकत नव्हते. ज्या मुलांनी दोन वर्षांपूर्वी आजींच्या अंगणातल्या पोफळी मोजल्या होत्या, ती आता दहावीत होती. त्यांनी आजींना फोन लावायचा सपाटा लावला. चौथ्या दिवशी लागला. ‘घर आहे रे बाबांनो, कौलं गेली. पोफळी सगळ्या गेल्या.’ मुलांनी रोजनिशी उघडून आकडा पाहिला, एकशे अडतीस. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे त्यांनी शोधून काढले आणि मग आपापल्या इमारतींतून फोनवरच वर्गणी जमवली. अठ्ठावीस हजार रुपये झाले. त्यातून ताडपत्री गेली आणि नंतर रोपे गेली. वर्तमानपत्रात तेव्हा अनेक गावांची नावे येत होती. मुलांच्या दृष्टीने त्या यादीतल्या एका गावाला विहीर होती, अंगण होते आणि हाक मारणारी आजी होती.

वेळासला २५ जानेवारी २०२२ रोजी एका मादी कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे असे ते पहिले कासव, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. अकरावीत गेलेली मुले तिचा प्रवास नकाशावर पाहत. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालताना सापडली. तिच्या वल्ह्यावरच्या खुणेवरून कळले की २०२१ मध्ये ती ओडिशाच्या किनाऱ्यावर नोंदवली गेली होती. मला हे कळवणारा संदेश आला तो त्या आजोबांच्या नातवाचा. खाली एकच ओळ होती : ‘आजोबा म्हणत असत, ती दोन्हीकडे जातात.’ आजोबा तोवर गेले होते.

आता थोडे आपल्याविषयी. हल्ली निसर्गाकडे जाणाऱ्यांची गर्दी फार वाढली आहे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांनी काजवेच दिसेनासे होतात. कासच्या पठारावर फुले तुडवली जाऊ लागली तेव्हा येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. वेळासलाही पिल्लांपेक्षा मोबाइल जास्त असतात. म्हणून मुलांना नेऊच नये असे मी म्हणणार नाही. न नेलेल्या मुलाला फाटकाशी असलेले झाडही दिसत नाही. पण जाण्याआधी एक फोन करावा आणि ‘काय पाहायला मिळेल?’ याबरोबर ‘काही काम आहे का?’ असेही विचारावे. बहुतेक ठिकाणी काम असते. किनारा झाडायचा असतो, रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायचे असते, गोण्या शिवायच्या असतात. मद्रासमध्ये विद्यार्थ्यांनी १९८८ साली समुद्री कासवांसाठी संघटना काढली, आणि चेन्नईच्या किनाऱ्यावर हंगामात रात्री चालण्याची रीत तिथे टिकून आहे. त्यासाठी पगारही लागला नाही आणि पदवीही.

आणखी एक. त्याच जागी दुसऱ्यांदा जावे. पहिल्या खेपेला आपण पाहुणे असतो. दुसऱ्या खेपेला गेल्या वर्षीचा बंधारा कुठे होता ते आपण शोधतो, आजींच्या गुडघ्यांची चौकशी करतो, एकोणीस नंबरची आठवण काढतो. नवनव्या जागा बघण्याच्या हौसेत हे राहून जाते. आमची मुले दहा ठिकाणी गेली असती तर दहा फोटो आले असते. ती एका ठिकाणी चारदा गेली, म्हणून वादळात त्यांना कोणाला फोन लावायचा ते ठाऊक होते.

मी निवृत्त झाले त्या वर्षी निसर्ग मंडळाचे कपाट एका तरुण शिक्षकाकडे सोपवले. त्याने आत पाहिले आणि विचारले, ‘मॅडम, अभ्यासक्रम कुठे आहे?’ मी त्याला चौतीस रोजनिश्या दिल्या. त्यांत ‘काही नाही’ ही नोंद सर्वांत जास्त वेळा आहे. त्याने ती नीट वाचावी, घाई करू नये, एवढेच माझे त्याला सांगणे होते.